सामायिक सुतारशाळा : जातकातील हत्तीपासून डहाणूच्या कुपापर्यंत

बोईसरला राहणारा माझा एक मित्र तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यापासून तो दर रविवारी सकाळची डहाणू लोकल पकडून मुंबईतील एका सामायिक सुतारशाळेत जातो. महिन्याची वर्गणी भरायची आणि तिथले रंधे, पटाश्या, मोठी यांत्रिक करवत सर्वांनी मिळून वापरायची, अशी ती व्यवस्था. प्रवेशाच्या दिवशी त्याच्याकडून एक नियमावली सही करून घेतली : पटाशी धार लावूनच जागेवर ठेवावी, शिकल्याशिवाय यंत्राला हात लावू नये, दुसऱ्याचे अर्धवट काम हलवू नये.

तो मला म्हणाला, "कल्पना परदेशी आहे, पण छान आहे." छान आहे हे मान्य. परदेशी आहे, हे मात्र इतिहासाच्या विद्यार्थिनीने ऐकून सोडून द्यावे असे वाक्य नव्हे. आजचा धागा त्या वाक्यावर. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

आरंभ पाली वाङ्मयापासून करू. अलीनचित्त जातकात (क्रमांक १५६) वाराणसीजवळच्या एका सुतारांच्या गावाची गोष्ट येते. तिथे ५०० सुतार राहतात. (जातकांना ५०० हा आकडा फार प्रिय आहे, त्याला जनगणना समजू नये.) हे सुतार नावांतून नदीच्या वरच्या अंगाला जातात, अरण्यात लाकूड तोडतात आणि तिथेच एकमजली-दुमजली घरांचे खांब व तुळया घडवतात. मुख्य खांबापासून सुरुवात करून प्रत्येक भागावर ते खूण करतात, सारे नावांत भरून नगरात आणतात, ज्याला जसे घर हवे तसे उभे करून देतात, कार्षापण घेतात आणि पुन्हा अरण्याची वाट धरतात.

आज ज्याला आपण सुटे भाग जोडून उभे करण्याचे घर म्हणतो त्याचे हे वर्णन आहे. इथे खुणेचा तपशील लक्षात ठेवावा, अशी विनंती. लाकडावर खूण कोण करतो, हा प्रश्न शेवटी पुन्हा येणार आहे.

याच गोष्टीत पायात खैराचा खुंट घुसलेला एक हत्ती सुतारांकडे येतो. ते खुंट काढतात, जखम बरी करतात. कृतज्ञ हत्ती मग त्यांचा सहकारी होतो : ओंडके उलटेपालटे करतो, हत्यारे आणून देतो, मापाच्या काळ्या सुताचे एक टोक सोंडेत धरून उभा राहतो. जेवणाच्या वेळी प्रत्येक सुतार त्याला एक-एक घास देतो. असे ५०० घास होतात. एकट्याला न पोसवणारे सामर्थ्य सर्वांनी थोडे-थोडे देऊन पोसायचे! मित्राच्या वर्गणीतून चालणाऱ्या त्या यांत्रिक करवतीचे याहून चांगले पूर्वरूप मला तरी माहीत नाही.

अर्थात ही कथा आहे, दस्तऐवज नव्हे. परंतु जातककथांना सुतारांचे संघटित जीवन परिचयाचे होते, हे इतर ठिकाणीही दिसते. महाउम्मग्ग जातकात १८ श्रेणींचा उल्लेख आहे. त्यांपैकी नावे चारच दिली आहेत, आणि त्यांत पहिले नाव वड्ढकी, म्हणजे सुतार, हे आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांची स्वतःचे नियम करणारी, सभासदांना बांधून ठेवणारी संघटना. एका छपराखालचा कारखाना असा अर्थ त्यातून निघत नाही, ही सावधगिरी आवश्यक. तथापि 'सामील होणे' म्हणजे काय, याचा विचार तिथे पुष्कळ झालेला आहे.

तो विचार स्मृतिग्रंथांत सापडतो. अनेकांनी मिळून केलेल्या उद्योगाला तिथे 'संभूयसमुत्थान' म्हणतात आणि त्याच्या वाटणीचे नियम देतात. कात्यायनाने शिल्पकारांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : शिक्षक, अभिज्ञ, कुशल आणि आचार्य. मिळकतीत त्यांचे वाटे अनुक्रमे १, २, ३ आणि ४. इथे 'शिक्षक' या शब्दाने फसू नका. त्याचा अर्थ शिकवणारा असा नसून शिकणारा असा आहे.

मला या नियमात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की नवशिक्याचा वाटा शून्य नाही. ज्याला अजून सरळ रंधाही मारता येत नसेल, त्यालाही दहातला एक. बृहस्पतीने वाडा किंवा मंदिर बांधणाऱ्यांच्या प्रमुखाला दोन वाटे दिले आहेत. दोन्ही नियम विषमतेचे आहेत, हे खरे. पण ही विषमता मोजलेली आणि आधी जाहीर केलेली आहे.

शिकाऊ माणसाची दुसरी एक स्थिती होती, अंतेवासीची. नारदस्मृतीनुसार त्याने नातलगांच्या संमतीने आचार्याकडे यायचे, राहण्याची मुदत आधी ठरवायची. आचार्याने त्याला जेवू घालायचे, पुत्रासारखे वागवायचे, आणि शिल्प सोडून दुसऱ्या कामाला लावायचे नाही. मुदतीआधी कला हाती आली तरी त्याने मुदत पुरी करायची. याज्ञवल्क्य म्हणतो, त्या काळातील कामाचे फळ गुरूचे. कठोर करार आहे हा. पण त्याला अंत आहे आणि अंती हातात कला आहे. हेही लक्षात असू द्या.

आता आपल्या मुलखात येऊ. सुतारांच्या श्रेणीचा शिलालेख महाराष्ट्रात शोधायला गेलात तर हाती प्रथम एकटा माणूस लागतो : कार्ल्याच्या चैत्यगृहावरील लेखात धेनुकाकटाचा सुतार सामि, वेणुवासाचा पुत्र, द्वाराचे काम केल्याचे सांगतो. पाषाणाच्या लेण्यात सुताराचे नाव कशासाठी, असे वाटत असेल तर आत जाऊन वर पाहावे. छताखालच्या सागवानी कमानी अजून तिथे आहेत.

संघटना दिसतात त्या जुन्नर आणि नाशिकला. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यांत, तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखात, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारांसाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे रकमा ठेवल्या; त्यांपैकी २००० कार्षापण 'ओदयंत्रिकां'कडे, म्हणजे जलयंत्रे करणाऱ्यांकडे. मूळ रक्कम कायम राहायची आणि खर्च व्याजातून व्हायचा.

विचार करा : एखादी बाई आपला पैसा कारागिरांच्या संघाकडे 'कायमचा' ठेवते. एकटा कारागीर म्हातारा होतो, मरतो, व्यसनी निघतो. संघ उरतो. श्रेणीत सामील होणाऱ्याला हत्यार मिळत असेल किंवा नसेल. त्याला पत नक्की मिळत होती.

आणि पत बुडाली तर? त्याचीही गोष्ट जातकात आहे. समुद्दवाणिज जातकात (क्रमांक ४६६) सुतारांची हजार कुटुंबे लोकांकडून पलंग, आसने, घरे करून देण्यासाठी आगाऊ पैसे घेतात आणि काम करीत नाहीत. देणेकऱ्यांचा तगादा असह्य झाल्यावर ते अरण्यात गुपचूप एक मोठे जहाज बांधतात आणि रात्रीतून नदीवाटे समुद्रावर पसार होतात. पलंग वेळेत न देणाऱ्यांना जहाज मात्र वेळेत जमले! फर्निचरसाठी आगाऊ रक्कम देऊन बसलेल्या वाचकांना ही कथा आवडेल.

नाशिकच्याच लेण्यांतून आपण थेट पालघर जिल्ह्यात उतरू शकतो. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात त्याने ज्या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या त्यांची यादी आहे : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. त्याच लेखात शोर्पारग येते. तेच आपले नालासोपारा. म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर नावा होत्या, त्या घडवणारे हात होते, आणि मागे सागाचे अरण्य होते. त्या हातांची नावे लेखात नाहीत. दात्याचे आहे.

मधल्या शतकांवरून मी वेगाने जाणार आहे. बलुतेदारीतला सुतार गावाचा होता. नांगर, गाडी, मोट ही त्याची कामे आणि सुगीला मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. तिथे कोणी 'सामील' होत नसे, जन्म घेत असे. या धाग्याच्या दृष्टीने एवढे पुरे.

पालघरच्या लाकडाचा खरा प्रश्न इंग्रजी अमलात उभा राहिला. १८७८ च्या वन कायद्याने अरण्याचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग केले. भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्यासाठी फांद्या तोडण्याचा जुना प्रघातही वादाचा विषय झाला. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. साग कापणारा वारली तोच होता, कुऱ्हाड त्याचीच होती. झाड मात्र सरकारचे आणि ओंडका ठेकेदाराचा.

या व्यवस्थेत डहाणू-उंबरगाव भागात 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने सावकाराकडे राबायचे. आता वर सांगितलेला अंतेवासी आठवा. तोही बांधलेला, हाही बांधलेला. परंतु अंतेवासीची मुदत ठरलेली असे आणि तो कारागीर होऊन बाहेर पडे. लग्नगड्याची मुदत हिशेबाच्या वहीत असे आणि वही त्याला वाचता येत नसे.

१९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध उठाव केला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. पुढच्या वर्षी लढा जंगलात शिरला : कूपतोडीसाठी रोज किमान सव्वा रुपया ही मागणी होती. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' अजून वाचले नसेल तर या सुट्टीत वाचाच.

या पार्श्वभूमीवर १९४७ पासून, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई सरकारने जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू केल्या. कूप ठेकेदाराला लिलावाने देण्याऐवजी सोसायटीला द्यायचा. तोडणारे मजूर हेच तिचे सभासद. आमच्या जिल्ह्यातील (तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी) लाकूडकामाच्या इतिहासात सामान्य माणसाला 'सामील व्हा' असे पहिल्यांदाच म्हटले गेले ते इथे.

सामील होणे म्हणजे भाग विकत घेणे, नाव नोंदवणे, अंगठा उठवणे. ज्याचा अंगठा आजवर कर्जाच्या कागदावरच उठत आला होता, त्याच्यासाठी हा अंगठा वेगळा होता. माझ्या मते या सोसायट्यांचे मोल कमी लेखले जाते. ठेकेदार कुपातून हटला, मजुरी ठरली, नफ्याला सभासद हे नाव मिळाले.

तरीही मला त्यांत एक उणीव दिसते. सोसायटी झाड तोडी, ओंडके करी, कोळसा पाडी, माल डेपोत आणी. तिथे तो विकला जाई. ओंडका डेपोबाहेर गेला की वखार दुसऱ्याची, करवत दुसऱ्याची, पलंग आणि कपाट करणारे हात दुसरेच. कात्यायनाची शिडी इथे पहिल्याच पायरीवर थांबली : शिकाऊला एक वाटा मिळाला, पण त्याला अभिज्ञ, कुशल, आचार्य करणारी शाळा कुपाला जोडली गेली नाही. हिशेब आणि वनखात्याशी पत्रव्यवहारही बहुधा बाहेरून आलेल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या हाती राहिला. ते कार्यकर्ते प्रामाणिक नव्हते असे मी म्हणत नाही. वही मात्र अजून दुसऱ्याच्याच हातात होती.

१९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर तोड कमी होत गेली आणि सोसायट्यांचे कामही आटले. शिकणे आणि बनवणे एकत्र आणणारे प्रयोग महाराष्ट्रात झाले ते इतरत्र. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात, जिथे २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, तिथे खेड्यातली मुले सुतारकाम, वेल्डिंग आणि शेती एकाच अभ्यासक्रमात शिकतात. सागाच्या मुलखात तसे काही का झाले नाही, यावर कोणी शोधनिबंध लिहीत असेल तर मला वाचायचा आहे.

आता ती खूण. जातकातला सुतार तुळईवर स्वतः खूण करी, कारण कोणता भाग कुठे बसणार हे त्याला ठाऊक असे. कुपातल्या ओंडक्यावर वनखात्याचा हातोडा बसतो आणि सोबत वाहतूक पास लागतो. त्यावाचून ओंडका हलवणे गुन्हा. लाकूडचोरी रोखायला ती खूण हवी, हे मला कळते. पण ती मालकाची खूण आहे, कारागिराची नव्हे.

मित्राचे पहिले स्टूल मागच्या रविवारी पूर्ण झाले. तीन पाय टेकतात, चौथा किंचित अधांतरी आहे. लाकूड त्याने बोईसरच्या वखारीतून नेले होते. कुठले, असे मी विचारले. त्याने वखारवाल्याला फोन लावला. उत्तर आले : "घाना टीक. आफ्रिकेतून येतो, ताई. इथला साग आता कोण देतो?"