यश मिळालं म्हणून निर्णय बरोबर ठरतो का? ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ या अल्बमचा इतिहास



आजचा विषय आहे एक रॉक अल्बम. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर गिटारवाल्यांच्या नादी का लागावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. उत्तर साधं आहे. इतिहास वाचताना आपल्याला वारंवार अडवणारा एक प्रश्न या अल्बमच्या गोष्टीत फार स्वच्छ दिसतो. शिवाय गोष्ट अलीकडची आहे. ती घडत असताना कॅमेरा चालू होता, गाण्यांचे कच्चे खर्डेही आज ऐकायला मिळतात. प्रश्न असा: एखादं काम पुढे यशस्वी झालं, तर ते करताना घेतलेले सगळे निर्णय बरोबर होते असं म्हणता येतं का?

आधी गोष्ट पाहू.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बेलव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या पोरांनी ‘अंकल टुपेलो’ हा बँड काढला होता. जुनं ग्रामीण कंट्री संगीत आणि पंकचा धसमुसळेपणा यांचं मिश्रण ते करत. १९९४ मध्ये तो बँड फुटला. जे फॅरर बाहेर पडला आणि जेफ ट्वीडीने उरलेल्यांना घेऊन ‘विल्को’ उभा केला. बिनतारी संदेशात ‘आज्ञा पाळतो’ या अर्थाने हा शब्द वापरतात. पुढे या मंडळींनी केलं ते नेमकं उलट, पण ते असो.

थोड्याच दिवसांत जे बेनेट नावाचा वादक त्यांना येऊन मिळाला. गिटार, पियानो, ऑर्गन, जे हाती येईल ते वाजवणारा; यंत्रांची जाण असलेला आणि ध्वनिमुद्रणात रमणारा. १९९९ च्या ‘समरटीथ’ या अल्बमवर ट्वीडी आणि बेनेट या जोडीची दाट छाप आहे. त्या अल्बमच्या वेळी कंपनीने एक गाणं रेडिओवर चालेल असं नव्याने बेतून घेतलं होतं. ते काही चाललं नाही. समीक्षकांनी कौतुक केलं, विक्री बेताचीच राहिली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ‘इंडी’ या शब्दाबद्दल. मुळात याचा अर्थ मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र. विल्को मात्र ‘रिप्रीज’ या वॉर्नर समूहातल्या कंपनीकडे होता. म्हणजे कागदोपत्री तो इंडी नव्हता. वृत्तीने आणि श्रोत्यांच्या वर्तुळाने होता. आणि गंमत बघा, ही रिप्रीज १९६० मध्ये फ्रँक सिनात्राने काढली होती, ती कलावंताला स्वतःच्या मनासारखं काम करता यावं म्हणून!

२००० च्या अखेरीपासून शिकागोत ‘द लॉफ्ट’ या बँडच्या स्वतःच्या जागेत नव्या अल्बमचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. जागा स्वतःची, त्यामुळे घड्याळाचा धाक नाही. एकेक गाणं पाच-सहा रीतींनी करून बघायचं, मोडायचं, पुन्हा जुळवायचं. त्याच सुमारास ट्वीडीची ओळख जिम ओरूर्क या प्रयोगशील संगीतकाराशी आणि ग्लेन कोची या ड्रमरशी झाली. कोचीचा ठेका ऐकल्यावर ट्वीडीला वाटलं, नव्या गाण्यांना हेच हवं. २००१ च्या सुरुवातीला पहिल्यापासूनचा ड्रमर केन कूमर याला निरोप देण्यात आला आणि कोची आला.

मग मिक्सिंगचा पेच आला. वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्यं आणि आवाज यांतलं कोणतं पुढे आणायचं, कोणतं मागे ठेवायचं, कोणतं काढूनच टाकायचं, हे मिक्सिंगमध्ये ठरतं. बेनेटला हे काम स्वतः करायचं होतं. ट्वीडीने ते ओरूर्ककडे दिलं. ओरूर्कची पद्धत वजाबाकीची. थरांवर थर चढवलेल्या गाण्यातून तो एकेक थर उतरवत गेला आणि मोकळी जागा ऐकू येऊ लागली. आज हा अल्बम ऐकताना एखादं वाद्य अचानक एकटं उरतं, मागे नुसती खरखर राहते, ते बरंचसं या वजाबाकीचं फळ आहे.

सॅम जोन्स हा छायाचित्रकार या काळात कृष्णधवल माहितीपट चित्रित करत होता. त्यात एक प्रसंग आहे. दोन गाण्यांमधला सांधा कसा असावा, यावरून ट्वीडी आणि बेनेट वाद घालतात. मुद्दा काही सेकंदांचा, पण वाद सांध्यापुरता नाही हे आपल्याला दिसतं. बेनेटला आपलं म्हणणं समजलंय एवढीच पावती हवी आहे आणि ट्वीडीला ती देववत नाही. अर्धशिशीने तो बेजार झालेला आहे. अल्बम पूर्ण झाला आणि २००१ मध्येच बेनेटला बँडमधून जायला सांगण्यात आलं.

इकडे कंपनीतही उलथापालथ चालली होती. जानेवारी २००१ मध्ये एओएल आणि टाइम वॉर्नर यांचं विलीनीकरण पूर्ण झालं. बँडला पाठीशी घालणारे रिप्रीजचे प्रमुख हॉवी क्लाइन बाहेर पडले. नव्या माणसांना अल्बममध्ये रेडिओवर चालेल असं काही सापडेना. त्यांनी बदल सुचवले, बँडने नकार दिला, आणि करार मोडला. मुद्रणाचे हक्क मात्र बँडकडे आले.

अल्बम ठरला होता ११ सप्टेंबर २००१ ला. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते सांगायला नको. आठवड्याने, १८ सप्टेंबरला, बँडने संपूर्ण अल्बम आपल्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला ठेवला. नॅपस्टर नुकतंच बंद पडलेलं, इंटरनेटच्या नावाने कंपन्या बोटं मोडत होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्या हिवाळ्याआधीच्या दौऱ्यात एक चमत्कारिक दृश्य दिसलं: दुकानात न आलेल्या अल्बमची गाणी लोकांना पाठ होती.

शेवटी ‘नॉनसच’ या कंपनीने अल्बम घेतला आणि २३ एप्रिल २००२ ला तो बाजारात आला. बिलबोर्डच्या यादीत थेट तेराव्या क्रमांकावर. आधीचा ‘समरटीथ’ अठ्ठ्याहत्तरच्या वर चढला नव्हता. ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या वार्षिक मतचाचणीत तो पहिला आला. पाच लाख प्रतींचा ‘गोल्ड’ टप्पा त्याने पुढे गाठला. आणि सगळ्यात मजेची बाब म्हणजे नॉनसचसुद्धा वॉर्नर समूहातलीच! एका हाताने टाकलेलं त्याच धन्याने दुसऱ्या हाताने विकत घेतलं.

इथे गोष्ट सांगणारे बहुतेक जण थांबतात. दुष्ट कंपनी, सच्चा कलावंत, शेवटी सत्याचा विजय. कथा ऐकायला गोड आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने गोड कथेपाशी थोडं थबकावं.

आता तीन निर्णय वेगळे करून पाहू.

पहिला निर्णय कंपनीचा. आज आपण सहज म्हणतो, ‘काय मूर्ख होते!’ पण २००१ च्या उन्हाळ्यात त्यांच्यासमोर काय होतं? बेताच्या विक्रीचे अल्बम. रेडिओसाठी केलेला आणि फसलेला एक प्रयत्न. आणि समोर सुरुवातीलाच सात मिनिटांचं, खडखडाट करणारं गाणं. त्या पुराव्यावर ‘हे विकलं जाणार नाही’ असा अंदाज बांधणारा माणूस मूर्ख नव्हता. त्यांची चूक आमच्या मते वेगळीच होती. ‘हे चांगलं आहे का’ हा प्रश्न त्यांनी ‘हे रेडिओवर लागेल का’ या प्रश्नात विरघळवून टाकला. ही चूक अल्बम पडला असता तरी चूकच राहिली असती. म्हणजे कंपनीला दोष द्यायला अल्बमच्या यशाची गरजच नाही.

दुसरा निर्णय श्रोत्यांचा. ११ सप्टेंबरनंतर हा अल्बम ऐकणाऱ्यांना त्यात ती राख, ते कोसळणं, ते एकटेपण ऐकू आलं. गाण्यांमध्ये हादरणाऱ्या इमारती आहेत, एका गाण्याच्या नावातच अमेरिकी झेंड्यांची राख आहे. मुखपृष्ठावर दोन मनोरे आहेत. पण ते शिकागोचे, मरीना सिटीचे. न्यूयॉर्कशी त्यांचा काही संबंध नाही. गाणी सगळी आधी लिहिलेली, आधी मुद्रित केलेली. मग लोकांनी चुकीचं ऐकलं का? आम्हाला तसं वाटत नाही. अभिनवगुप्ताने सहृदयाची कल्पना मांडली. रसिकाच्या मनात आधीपासून असलेले संस्कार जागे झाल्याशिवाय रस निष्पन्न होत नाही. त्या शरद ऋतूत एका अख्ख्या देशाच्या मनावर एकच संस्कार ताजा होता. अल्बमचं नाव ज्या आवाजावरून आलं तोही आठवा: गुप्त संदेश पाठवणाऱ्या लघुलहरी केंद्रांच्या ध्वनिमुद्रणातली एक बाई तेच तीन शब्द पुन्हापुन्हा म्हणते. कोणासाठी, कशासाठी, ऐकणाऱ्याला कळत नाही. अर्थ पाठवणाऱ्याच्या हातात राहिलेला नाही. अल्बमचंही तेच झालं. मात्र, आणि हे महत्त्वाचं, हा योगायोग होता. तो कोणाच्या प्रतिभेच्या खात्यावर जमा करता येत नाही.

तिसरा निर्णय ट्वीडीचा, दोन सहकाऱ्यांना दूर करण्याचा. इथे प्रश्न खरा टोचतो.

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने ‘नैतिक नशीब’ अशी एक कल्पना चर्चेत आणली. त्याचं उदाहरण चित्रकार गोगँचं. समजा, एखादा माणूस बायकामुलांना सोडून दूर बेटावर चित्रं काढायला गेला. चित्रं थोर निघाली तर आपण त्याचं जाणं निदान समजून घेतो. चित्रं टाकाऊ निघाली तर तो नुसता बेजबाबदार माणूस ठरतो. पण घर सोडताना दोन्ही वेळा तो तोच होता! विल्यम्सचं म्हणणं असं, की अशा माणसाचं समर्थन त्याच्या यशावर टांगलेलं असतं, आणि तरीही ज्यांना त्याने मागे टाकलं त्यांची तक्रार त्या यशाने खोटी ठरत नाही.

हे शेवटचं वाक्य विल्कोच्या गोष्टीला लावून पाहा. अल्बमवरच्या बऱ्याच गाण्यांच्या संगीताला ट्वीडीबरोबर बेनेटचं नाव आहे. ज्या थरांतून ओरूर्कने वजाबाकी केली, त्यातले कितीतरी थर बेनेटने चढवलेले. दगडच नसता तर छिन्नी कशावर चालवली असती? पण माहितीपट २००२ मध्ये आला आणि बेनेट लोकांच्या लक्षात राहिला तो ‘अडून बसणारा’ म्हणून. मे २००९ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो गेला. त्याच महिन्यात त्याने ट्वीडीवर मानधनाच्या थकबाकीसाठी दावा लावला होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्वीडी त्या काळात स्वतः वेदनाशामक गोळ्यांच्या विळख्यात होता; २००४ मध्ये तो उपचारांसाठी दाखल झाला आणि पुढे आत्मचरित्रात याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. दोघांना एका खोलीत काम करणं अशक्य झालं असेल, हे मान्य. वेगळं होणं कदाचित अटळ होतं. आमचा मुद्दा एवढाच, की ते योग्य होतं की नाही हे बिलबोर्डच्या यादीत शोधू नका. अल्बम चांगला झाला, ही एक गोष्ट. एका सहकाऱ्याला कसं वागवलं, ही दुसरी. पहिलीने दुसरीचा हिशेब फिटत नाही.

ही चूक आपण केवळ रॉक संगीतात करत नाही. राजा जिंकला की त्याची क्रूरता ‘मुत्सद्देगिरी’ होते, उद्योग उभा राहिला की मालकाचा हट्ट ‘दूरदृष्टी’ होतो. हरलेल्यांच्या त्याच गुणांना आपण वेगळी नावं ठेवतो. इतिहास मागून पुढे वाचला की असं होतं. तो पुढून मागे नाही, तर त्या त्या दिवशी उभं राहून वाचावा लागतो. त्या दिवशी काय ठाऊक होतं, काय हातात होतं, कोणाला काय सोसावं लागलं, हे विचारावं लागतं.

२०२२ मध्ये या अल्बमची विसाव्या वर्षानिमित्त मोठी पेटी निघाली. तिला पुढच्या वर्षी ‘ऐतिहासिक अल्बम’ या विभागातलं ग्रॅमी मिळालं. तिच्यात काय आहे? त्याच गाण्यांची टाकून दिलेली रूपं. कुठे ठेका वेगळा, कुठे चाल संथ, कुठे वाद्यांची दाटी. ती ऐकताना लक्षात येतं, की आपण ज्याला ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ म्हणतो तो अनेक शक्यतांपैकी एक होता. इतर शक्यताही वाईट नव्हत्या. काही तर सुंदर आहेत, आणि त्यांच्यात बेनेट ऐकू येतो.

तेव्हा घरी गेल्यावर मूळ अल्बम जरूर ऐका, मग ती टाकलेली रूपंही ऐका. जिंकलेली बाजू आपोआप कानावर पडत असते. दुसरी मुद्दाम लावावी लागते.