जुन्या आयपॅडला मिडी कीबोर्ड कसा जोडायचा?

कपाटात पडून असलेला जुना आयपॅड आता व्हिडिओ बघायलाही हळू वाटतो. पण त्याला मिडी कीबोर्ड जोडला तर त्याचं चांगलं वाद्य होऊ शकतं. मी चौथ्या पिढीच्या आयपॅडवर हा प्रयोग केला, तेव्हा कीबोर्ड लावताच स्क्रीनवर मेसेज आला: हे उपकरण जास्त वीज वापरतंय. मला वाटलं कीबोर्डच खराब आहे, आणि मी तो परत करायला निघालो होतो. खरा प्रश्न फक्त विजेचा होता.

मिडी म्हणजे काय?

मिडी हे १९८३ पासून वापरात असलेलं स्टँडर्ड आहे. त्यातून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली एवढ्याच सूचना जातात. आवाज तयार करतं ते आयपॅडमधलं अ‍ॅप, उदा. गॅरेजबँड. त्यामुळे अ‍ॅप उघडलं नसेल तर काहीच वाजणार नाही.

आधी हे करू नका

आयपॅड "स्वच्छ" करायचा म्हणून लगेच रिसेट मारू नका! बऱ्याच अ‍ॅप्सची नवी व्हर्जन्स जुन्या आयओएसवर चालत नाहीत. जुनं व्हर्जन सहसा तेव्हाच मिळतं, जेव्हा ते अ‍ॅप त्याच अ‍ॅपल आयडीवर पूर्वी घेतलेलं असतं. आत संगीताची अ‍ॅप्स असतील तर ती जपा.

कोणता अ‍ॅडॉप्टर घ्यायचा?

- आयपॅड १, २, ३ (रुंद ३० पिनचं सॉकेट): कॅमेरा कनेक्शन किट. पहिल्या आयपॅडवर आयओएस ४.२ किंवा पुढचं हवं.
- आयपॅड ४, एअर, मिनी (लाइटनिंग): लाइटनिंग ते यूएसबी कॅमेरा अ‍ॅडॉप्टर.

नाव कॅमेऱ्याचं असलं तरी मिडीसाठी हाच लागतो. साध्या चार्जिंग केबलने काम होत नाही.

कीबोर्ड "क्लास कंप्लायंट" आहे का तेही बघा. म्हणजे त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या आयपॅडवर ड्रायव्हर टाकायची सोयच नाही, त्यामुळे ही अट महत्त्वाची.

जास्त विजेचा मेसेज आला तर

जुना आयपॅड बाहेरच्या उपकरणाला फारच कमी वीज देतो. उपाय म्हणजे स्वतःचा पॉवर अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब.

१. हब भिंतीवरच्या सॉकेटला लावून चालू करा.
२. कीबोर्ड हबला जोडा.
३. हबची केबल कॅमेरा अ‍ॅडॉप्टरमध्ये आणि अ‍ॅडॉप्टर आयपॅडमध्ये लावा.
४. आता अ‍ॅप उघडा आणि पट्टी दाबा.

माझं काम इथेच झालं. बिनापॉवरचा साधा हब घेऊ नका, तो आयपॅडचीच वीज वाटून घेतो.

पाच पिनचा जुना कीबोर्ड असेल तर

यूएसबी-मिडी इंटरफेस लागेल, तोही क्लास कंप्लायंट. कीबोर्डचा "आउट" इंटरफेसच्या "इन"ला जातो. आवाज आला नाही तर आधी या दोन पिना अदलाबदल करून बघा.

ब्लूटूथने जमेल का?

आयओएस ८ पासून ब्लूटूथ मिडी आहे, पण त्याला ब्लूटूथ ४ लागतं. म्हणजे आयपॅड ३ आणि पुढचे चालतील, आयपॅड २ नाही. जोडणी सेटिंग्जमधून न करता अ‍ॅपच्या आतल्या ब्लूटूथ मिडी पर्यायातून करा.

ब्लूटूथ हेडफोन मात्र टाळा. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि ताल चुकतो. जुन्या आयपॅडला ३.५ मिमीचा जॅक असतो, तिथे वायरचा हेडफोन लावा. या बाबतीत जुना आयपॅड अनेक नव्या मॉडेल्सपेक्षा सोयीचा आहे.

तेव्हा नवीन टॅबलेट घेण्याआधी अ‍ॅडॉप्टर आणि पॉवरचा हब एवढंच वापरून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.