पानिपतचा दोष आणि गोविंदपंतांची पत्रे

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची हकीकत महाराष्ट्राने दीर्घकाळ मुख्यत्वे बखरींतून ऐकली. भाऊसाहेबांच्या बखरीतील संवाद इतके ठसठशीत आहेत, की बखरकार जणू भाऊंच्या डेऱ्यातच बसला होता असे वाटावे. दुसरा मोठा आधार काशीराज पंडिताचा. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता. त्याने पाहिले पुष्कळ, पण लिहिले सुमारे वीस वर्षांनंतर, फारसीत.

१८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि हे चित्र पालटले. खंडात १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रे होती. निकाल ठाऊक नसताना लिहिलेली पत्रे, हेच त्यांचे खरे मोल. बखरकाराला शेवट माहीत असतो. ऑक्टोबर १७६० मध्ये रसद मागणाऱ्या भाऊंना तो माहीत नव्हता.

ही पत्रे वाचणे सोपे नव्हते. मोडी लिपी ही पहिली अडचण. खरी कसोटी कालनिर्णयाची. पत्राच्या शेवटी पुष्कळदा 'छ' आणि त्यापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र एवढेच असते, वर्ष नसते. मग मजकुरातील मुक्काम, नदीचे पाणी, कोणाच्या मृत्यूचा उल्लेख यांवरून वर्ष काढावयाचे आणि जंत्रीशी ताडून पाहावयाचे. तारीख एका महिन्याने चुकली, तरी निरपराध माणूस दोषी ठरू शकतो.

या संदर्भात गोविंदपंत बुंदेले यांचे प्रकरण पाहण्याजोगे आहे. मूळचे खेर, कोकणातले. बुंदेलखंडातील पेशव्यांचे मामलेदार. पावसाळ्यात यमुनेवर पूल बांधण्यासाठी नावा जमवा, पैसा पाठवा, अंतर्वेदीत शिरून शत्रूची रसद तोडा, अशा भाऊंच्या आज्ञा त्यांना वारंवार जात होत्या. राजवाड्यांनी प्रस्तावनेत पराभवाचा मोठा भार त्यांच्यावर टाकला. मल्हारराव होळकरही त्यातून सुटले नाहीत. राजवाड्यांची लेखणी मोठी जहाल होती, आणि तिचा निवाडा पुष्कळांनी पुरावा म्हणूनच स्वीकारला.

परंतु मागणीचे पत्र हा मागणीचा पुरावा असतो, कुचराईचा नव्हे. गोविंदपंत वसुली करणारे वयोवृद्ध अंमलदार होते, घोडदळाचे सेनानी नव्हते. १७ ऑक्टोबर १७६० रोजी भाऊंनी कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये आला. तेव्हापासून भाऊंचा दक्षिणेकडील मार्ग तुटला. अफगाण छावणीला मात्र नजीबखानाच्या मुलखातून, अंतर्वेदीतून धान्य मिळत राहिले. ती वाट तोडण्याचे काम गोविंदपंतांकडे होते. ते अंतर्वेदीत चालून गेले, काही काळ अब्दालीच्या छावणीतही टंचाई भासली; आणि डिसेंबर १७६० मध्ये अफगाणांच्या एका तुकडीने अचानक छापा घालून त्यांना ठार केले. आज्ञा टाळणारा माणूस त्याच आज्ञेच्या पालनात मारला जावा, हे विचित्र आहे. विलंब झाला असेल, हिशेबात घोळही असेल. पण पुढील अभ्यासकांना राजवाड्यांचा निवाडा जशाच्या तसा स्वीकारता आला नाही, तो यामुळे.

मौज अशी, की राजवाड्यांच्या मताला आव्हान देण्याचे साहित्य राजवाड्यांनीच छापून ठेवले होते. प्रस्तावना त्यांची, पत्रे सर्वांची. १९१० साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. खासगी घरांतली दप्तरे मिळवावी, वाचावी, छापावी आणि सभेत त्यांवर भांडावे, असा तेथील परिपाठ. यांतील पुष्कळजण पगारी इतिहासकार नव्हते. खुद्द राजवाडे साधनांसाठी गावोगाव पायपीट करीत.

त्र्यंबक शंकर शेजवलकर पुढच्या पिढीचे. त्यांचे पानिपतावरील इंग्रजी पुस्तक १९४६ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केले. युद्धाच्या द्विशताब्दीच्या सुमारास त्यांनी हा विषय मराठीतही मांडला. कोणी दगा दिला, या प्रश्नापाशी ते थांबले नाहीत. उत्तरेत मराठ्यांना मित्र का उरले नव्हते, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. राजवाड्यांच्या पहिल्या खंडातील पत्रे त्यांच्याही टेबलावर होतीच.