खेळाडूची सही आणि तिची मजुरी

मराठी अमदानीतील जुने महजर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. कागदाच्या शेवटी गावकऱ्यांची साक्ष असते. परंतु लिहिता येणारे हात त्यांत एखाद-दुसरेच. बाकीच्यांची 'निशाणी'. शेतकऱ्याच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे किंकरे, अशी ज्याच्या त्याच्या धंद्यातील हत्याराची आकृती काढलेली असे. म्हणजे आमच्या बापजाद्यांचे काम हीच त्यांची सही होती. पुढे इंग्रजी अमलात हत्यार गेले आणि शाई लावलेला हात आला. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या मालाचा करार लिहून घेतला आणि त्याने तो मोडू नये म्हणून त्याचा सबंध पंजाच कागदावर उमटवून घेतला. तेव्हापासून गरिबाचा हात कागदावर उमटला की कोणीतरी त्याला बांधून घेतो आहे असेच समजावे, अशी आपल्याकडे रीत पडली.

आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या आणि बिडीच्या कामगारांत वावरणारी माणसे. सही या वस्तूकडे आमची पाहण्याची नजर थोडी संशयी आहे. एका कारखान्यात (नाव कशाला घ्या!) पगारपत्रकावर सही किमान वेतनाच्या पूर्ण आकड्यावर घेत आणि हातात त्याहून कितीतरी कमी ठेवीत. सही केली नाही तर दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत पाऊल नाही. त्या पत्रकांवरील एकेका सहीसाठी आम्ही अकोला-अमरावतीचे हेलपाटे घातले. तेव्हा कार्यकर्त्याने इंझोरीसारख्या गावच्या व्याख्यानमालेत उभे राहून क्रिकेटपटूंच्या सह्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. नवल वाटण्याचे कारण नाही. सावकार सही मागतो ती माणूस अडकवण्यासाठी. मैदानाच्या कुंपणाशी उभे राहिलेले पोर सही मागते ते केवळ प्रेमाने. एकच अक्षर, पण दोन्हींचा व्यवहार वेगळा. आणि या दुसऱ्या सहीतही हळूहळू पहिल्या सहीचा हिशेब कसा शिरला, तो इतिहास कामगारांनी समजून घेण्याजोगा आहे.

आपल्याकडे क्रिकेट प्रथम आले ते मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत. तेथे आरंभी सही मागावी असा खेळाडू गोरा साहेब किंवा संस्थानिक. पळवणकर बाळू हे चांभार समाजातील गोलंदाज पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देई, असे सांगतात. आमच्या भाषेत हा नगावरचा दर झाला! १९११ साली हेच बाळू हिंदी संघाबरोबर विलायतेस गेले आणि शंभरावर बळी घेऊन परत आले. पण हिंदू संघाचे नायकत्व त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही झगडा झाल्यावर.

खेळाडूभोवती गर्दी गोळा होण्याचे दिवस आले ते नागपूरच्या सी. के. नायडू यांच्यामुळे. १९२६ च्या डिसेंबरात मुंबई जिमखान्यावर त्यांनी एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षट्कार होते. मैदानात साहेबाला असे झोडपता येते हे लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. पुढे १९३३ साली त्याच मैदानावर हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना झाला. नायक नायडू; समोर जार्डिन. लाला अमरनाथ यांनी पहिल्याच कसोटीत ११८ धावा केल्या आणि लोकांनी त्यांना अक्षरशः दागिन्यांनी मढविले म्हणतात. या सुमारास सह्यांच्या वह्या शहरी घरांतून दिसू लागल्या.

त्या वह्यांपैकी एकीची कथा आम्हांला फार प्रिय आहे. विजय मर्चंट हे त्या मुंबईच्या सामन्यात प्रथमच कसोटी खेळले. गिरणीमालकाच्या घरातील हा मुलगा. त्यांची बहीण लक्ष्मी हिने आपली सह्यांची वही गांधीजींपुढे धरली. गांधीजी त्या काळी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडात जमा करीत; ज्याला महात्म्याचे अक्षर हवे त्याने अस्पृश्यता निवारणाचा वाटा उचलावा, असा रोकडा व्यवहार. गांधीजींनी पाने उलटली. एका पानावर १९३३-३४ च्या एम.सी.सी. संघातील सोळा खेळाडूंची नावे होती. त्या पानावर त्यांनी सतरावे नाव आपले लिहिले! ज्या साम्राज्याशी उभा जन्म लढले त्याच्याच संघात बसून घेण्याचा हा विनोद गांधीजींनाच सुचावा. एक मात्र आम्ही नमूद करतो. सहीला किंमत असते आणि ती कोणाच्या पदरात पडावी हे सही करणाऱ्याने ठरवावे, हे तत्त्व आपल्या देशात इतक्या स्वच्छपणे प्रथम पाळले ते त्यांनी.

आता थोडे परदेशात जाऊ. सिगारेटच्या पाकिटात सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील तंबाखूवाल्यांना कोरा पुठ्ठा वाया जातो असे वाटले. त्यावर नट्यांची, पहिलवानांची व खेळाडूंची चित्रे छापली की गिऱ्हाईक संच पूर्ण करण्यासाठी पुन्हा तेच पाकीट घेते! विलायतेत विल्स आणि प्लेअर या कंपन्यांनी क्रिकेटपटूंचे संच काढले. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ. तिकडे पोरे चित्रांसाठी सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांच्या मागे लागत.

त्या काळचा थोर खेळाडू होनस वॅग्नर. बाप पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणीत, आणि पोरही बाराव्या वर्षी त्याच खाणीत. १९०९ च्या सुमारास अमेरिकन टोबॅको कंपनीने त्याचे चित्र छापले. वॅग्नरने हरकत घेतली आणि छपाई थांबली. पोरांना तंबाखूचा नाद लागू नये म्हणून हरकत घेतली असे कोणी म्हणतात, पैसे दिले नाहीत म्हणून घेतली असे कोणी. आम्हांला दोन्ही कारणे सारखीच पसंत आहेत. जी थोडी पाने बाहेर पडून गेली होती त्यांतली पन्नास-साठच आज शिल्लक आहेत, आणि त्यांपैकी एक २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले. खाणमजुराच्या पोराने 'नाही' म्हटले, त्या नकाराची ही किंमत. ती त्याच्या वारसांच्या हाती पडली नाही हे सांगायला नको.

पुढे तंबाखू गेली, च्युइंग गम आला. टॉप्स कंपनीने १९५०च्या दशकात हा धंदा जवळजवळ सगळा आपल्या हाती घेतला. पद्धत अशी की, खेळाडू खालच्या दर्जाच्या संघात असतानाच त्याला पाच डॉलर देऊन करारावर सही घ्यावयाची. अठरा-एकोणीस वर्षांचा पोर. पाच डॉलर म्हणजे एक चांगले जेवण. पुढे तो मोठ्या संघात चमकला तरी त्याला वर्षाला १२५ डॉलर. त्याच्या चेहऱ्यावर कंपनी लाखो पाकिटे विकी. हे वाचताना आम्हांला आमच्या पगारपत्रकाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. सही आधी, हिशेब मागाहून, आणि हिशेब दुसऱ्याचा.

१९६६ साली बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेने मार्विन मिलर या माणसाला प्रमुख नेमले. हा पोलाद कामगारांच्या युनियनमधील अर्थतज्ज्ञ. मालकांनी खेळाडूंना आधीच भरवून ठेवले होते की, युनियनवाला आला म्हणजे खेळ बुडाला. (हे वाक्य आम्ही मराठीत, 'खेळ'च्या ठिकाणी 'कारखाना' घालून, किती वेळा ऐकले असेल!) संघटनेच्या गंगाजळीत फारसे काही नव्हते. मिलरने पहिला पैसा उभा केला तो बाटलीच्या बुचातून. कोका-कोलाने बुचाच्या आत खेळाडूंची चित्रे छापावीत व वर्षाला सुमारे ६० हजार डॉलर संघटनेस द्यावेत असा करार झाला. मग तो टॉप्सकडे गेला. कंपनीने त्याला सरळ वाटेला लावले; करार खेळाडूंशी आहे, तुमचा संबंध काय? मिलर परत आला आणि संघांच्या सराव छावण्यांतून हिंडून त्याने खेळाडूंना एवढेच सांगितले की, मुदत संपत आलेल्या करारांवर पुन्हा सही करू नका. संप नाही, मोर्चा नाही, घोषणा नाही. फक्त लेखणी खाली ठेवायची.

नव्या सह्या येईनात, तेव्हा कंपनी बोलणी करायला आली. १९६८ साली प्रत्येकाची रक्कम दुप्पट, म्हणजे २५० डॉलर झाली आणि विक्रीवर आठ टक्के व चाळीस लाख डॉलरांच्या पुढील विक्रीवर दहा टक्के हिस्सा ठरला. त्याच वर्षी संघमालकांशी पहिला सामुदायिक करार होऊन खेळाडूचे किमान वेतन ६ हजारांवरून १० हजार डॉलरांवर गेले. चळवळीच्या इतिहासात असहकाराची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु सही न करणे एवढ्याच हत्यारावर जिंकलेला लढा आम्हांला तरी दुसरा चटकन आठवत नाही.

पैसा आला म्हणजे त्याच्या मागून येणारे सगळे आले. १९८०च्या दशकात चित्रांचे बाजार भरू लागले. मोठ्या दिवाणखान्यात मेजे मांडलेली, जुना खेळाडू खुर्चीवर बसलेला, समोर रांग, आणि दर सहीचा भाव ठरलेला. पीट रोझ या विक्रमी खेळाडूने अशा बाजारांतील सह्यांची कमाई सरकारपासून लपविली, म्हणून १९९० साली त्याला पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. खोट्या सह्यांचे कारखानेही निघाले. अमेरिकन पोलिसांनी २००० साली अशी एक टोळी उघड केली. तिच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही सापडले! ते विकत घेणाऱ्यांच्या भोळेपणापुढे आमचे बुवाबाजीला भुलणारे लोक बरे म्हणावे लागतील.

आपल्याकडे मात्र गोष्ट निराळ्या वाटेने गेली. आमच्या लहानपणी चित्रांचे संच घ्यायला पैसे कोणाजवळ होते? १९८३ साली विश्वचषक आला. संदीप पाटील यांनी संपादिलेल्या 'एकच षट्कार'मधील आणि वर्तमानपत्रांतील चित्रे कातरून आम्ही ती खळीने वहीत चिकटवीत असू. सही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नागपूरचे मैदान आम्हांला मुंबईइतकेच दूर. त्या विजयी संघाला द्यायला क्रिकेट मंडळाजवळही पैसा नव्हता. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा कोठे प्रत्येक खेळाडूस लाख रुपये मिळाले. जगज्जेत्यांना बक्षीस देण्यासाठी गायिकेला गावे लागले, ही घटना गोड म्हणून सांगतात. आम्हांला त्यात गोडीपेक्षा लाज अधिक दिसते.

सहा वर्षांनी, १९८९ साली, वेस्ट इंडीजहून परतताना काही खेळाडूंनी अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळून चार पैसे मिळविले. मंडळाने कर्णधार दिलीप वेंगसरकर यांच्यासह सहा जणांवर वर्षभराची बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि बंदी उठली. संघटित होण्याची ती वेळ होती. पण न्यायालयात जिंकले म्हणजे संघटना बांधण्याची गरज उरली नाही असे आपल्याकडे पुष्कळदा होते.

१९९६ साली सौरव गांगुली यांनी विलायतेत पहिल्या दोन कसोटींत दोन शतके काढली. ते टाटा टी कंपनीत नोकरीस होते. कंपनीने चहाच्या पुड्यांतून पोस्टकार्डे घातली. गिऱ्हाइकांनी त्यावर गांगुलींचे अभिनंदन लिहून पाठवावे. परवानगी विचारलीच नव्हती. गांगुली कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि प्रकरण अखेर आपसांत मिटले. महिन्याचा पगार दिला म्हणजे नोकराचे नावही आपल्याच मालकीचे झाले, ही समजूत जिनिंगच्या मालकापासून चहाच्या कंपनीपर्यंत एकसारखी दिसते.

आता चित्रे कागदावरही राहिली नाहीत. मोबाइलमध्ये खेळाडूंचे 'डिजिटल पत्ते' विकले जातात. रारिओ या कंपनीने कित्येक खेळाडूंशी पैसे मोजून करार केले. स्ट्रायकर या दुसऱ्या मंचाने करार न करताच खेळाडूंची नावे व रेखाचित्रे वापरली. रारिओबरोबर मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग आदी खेळाडूही दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने अंतरिम मनाई देण्यास नकार दिला. खेळाडूचे नाव व त्याची आकडेवारी जगजाहीर आहे, आणि रेखाचित्र ही कला आहे, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असेल. लोकांना माहीत असलेली गोष्ट कोणी कुलपात ठेवू नये, हे आम्हीही मानतो. वर्तमानपत्राने धावा छापायच्या तर परवानगी कसली? परंतु वर्तमानपत्रात धावा छापणे आणि त्या धावांवर पत्त्यांचा जुगारासारखा बाजार मांडणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजायला खेळाडूंच्या बाजूने कोण बसणार? भारतीय क्रिकेटपटूंची एक संघटना २०१९ साली निघाली खरी, पण ती निवृत्त झालेल्यांची. आज मैदानात उतरणाऱ्यांना तिच्यात जागा नाही. मोठ्या पाच-दहा नावांना त्याचे काही वाटणार नाही. त्यांचे वकील समर्थ आहेत. पण रणजी खेळणाऱ्या पोराचे काय?

उमेश यादव हा आपल्या विदर्भाचा गोलंदाज. बाप नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. २०११ साली तो कसोटी खेळला आणि २०१७-१८ साली विदर्भाने रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा त्या संघात तो होता. वॅग्नर आणि तो, दोघेही खाणीच्या कामगारवस्तीतले. त्याची सही ज्यांच्या वहीत असेल अशी मुले या वऱ्हाडात सापडतील.

त्या मुलांना एक कामाची सूचना करून आम्ही थांबतो. सही मिळाली की तिच्याखाली नव्हे, पानाच्या पाठीमागे, पेन्सिलीने दिनांक, गाव आणि सामन्याचे नाव लिहून ठेवावे, आणि बरोबर कोण होते तेही. शाईच्या पानावर प्लॅस्टिक चिकटवू नये, उन्हात ठेवू नये. आणि कोणी कोऱ्या कागदावर तुमची सही मागितली, तर आधी वरती काय लिहिणार ते विचारावे.