मास्टर दीनानाथ मंगेशकर : गायकनटाची कारकीर्द आणि खानदेशाशी अनुबंध

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास प्रायः सांगली, पुणे, मुंबई आणि गोमंतक या केंद्रांभोवती लिहिला गेला आहे. त्यात खानदेशाचा उल्लेख आला तर तो तळटीपेपुरता येतो. मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००-१९४२) यांच्या चरित्रातही हेच घडले. त्यांच्या दोन्ही विवाहांचे नाते तापीकाठच्या थाळनेरशी आहे, तरी त्यांच्या कलेची चर्चा करताना हा धागा विचारात घेतला जात नाही.

आज नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा आहे. तथापि १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचा आणि १९०६ मधील विभाजनानंतर पश्चिम खानदेशाचा भाग होता. शिरपूर तालुक्यातील थाळनेर आणि नंदुरबारकडील शहादा, प्रकाशा ही गावे एकाच नदीखोऱ्यात वसली आहेत. मराठी, अहिराणी आणि गुजराती या तिन्ही भाषा या पट्ट्यात एकत्र नांदतात. थाळनेरचे गुजराती व्यापारी व जमीनदार शेठ हरिदास रामदास लाड यांच्या नर्मदा या कन्येशी दीनानाथांचा विवाह १९२२ साली झाला. तिच्या अकाली निधनानंतर धाकट्या बहिणीशी, शेवंतीशी, त्यांचा दुसरा विवाह झाला. फिरत्या नाटक मंडळीतील नटाला मुलगी देणे ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. गोव्यातील मंगेशीचा गायक आणि खानदेशातील गुजराती सावकारी घराणे यांची ही सोयरीक संगीत नाटकाने नटाला मिळवून दिलेल्या प्रतिष्ठेची साक्ष मानावी लागेल.

ही प्रतिष्ठा गळ्याच्या बळावर मिळाली होती. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासमवेत १९१८ साली बलवंत संगीत मंडळी स्थापन केली, तेव्हा त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. पाश्चात्त्य ऑपेरात उंच पट्टीत गाणाऱ्या नायकास टेनर म्हणतात; दीनानाथांच्या धारदार, चढ्या आवाजाची तुलना त्याच्याशी करण्याचा मोह होतो. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे ही अट दोघांनाही होती. मात्र साम्य येथेच संपते. टेनरच्या हाती रचनाकाराने लिहिलेली स्वरलिपी असते, तर नाट्यपदाची चाल गायकनट प्रयोगागणिक वाढवीत असे आणि ‘वन्समोअर’ त्या वाढीला दाद देत असे. शिवाय टेनर पुरुषभूमिकेत बांधलेला असतो. दीनानाथांनी ‘भावबंधन’मधील लतिकाही साकारली आणि ‘मानापमान’मधील धैर्यधरही.

बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीच्या प्रभावकाळात दीनानाथांनी वेगळी वाट धरली. अनपेक्षित स्वरसंगती, वेगवान तान आणि टप्प्याच्या अंगाची फेक ही त्यांची वैशिष्ट्ये होती. ‘रणदुंदुभि’ (१९२७) आणि ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) या नाटकांना रामकृष्णबुवा वझे यांच्या चाली लाभल्या आणि त्या चालींना हा गळा भेटला. दुसऱ्या नाटकाचे कर्ते वि. दा. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सरकारची नजर ज्याच्यावर आहे अशा लेखकाचे नाटक रंगमंचावर आणणे म्हणजे मंडळीने आपली उपजीविका पणाला लावणे होते. बलवंत मंडळीच्या या धाडसाची नोंद रंगभूमीच्या इतिहासाने पुरेशा ठळकपणे घेतलेली नाही, असे म्हणावे लागते.

त्यांच्या गायनाचा उपलब्ध पुरावा मुख्यतः ध्वनिमुद्रिकांचा आहे, आणि तो मर्यादित आहे. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. रंगमंचावर दीर्घकाळ विस्तारणारे पद तीत आक्रसून बसले. त्यामुळे या मुद्रिकांवरून त्यांच्या तानेचा अंदाज येतो, पण नाट्यप्रसंगातून पद कसे उमलत असे ते कळत नाही.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ व पुढील वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले आणि फिरत्या मंडळ्यांचे अर्थकारण कोसळू लागले. मोठा नटसंच, वादक, पडदे आणि बिऱ्हाडे यांचा प्रवासखर्च तिकिटांच्या उत्पन्नातून भागेना. बलवंतने स्वतः ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) हा चित्रपट काढून काळाशी जुळवून घेण्याचा यत्न केला. तो तारू शकला नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले. ते एकेचाळीस वर्षांचे होते. मागे शेवंतीबाई आणि पाच मुले होती; थोरली लता बारा वर्षांची. त्याच वर्षी तिला ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात काम करावे लागले.

घराण्याच्या संगीताचा वारसा सांगताना पित्याच्या तालमीचा उल्लेख सर्वत्र होतो व तो यथार्थच आहे. परंतु लताबाईंच्या कानावर बालपणी थाळनेरच्या आजीने म्हटलेले गुजराती गरबेही पडले होते. पावागढच्या गरब्यांचा त्यात समावेश होता. ही गाणी आजोळच्या घरातून आली, आणि त्या घराशी मंगेशकरांचे नाते जोडणारी व्यक्ती शेवंतीबाई होती.