शब्दवेध : मॅव्हरिक

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी शब्दयाद्यांत ‘मॅव्हरिक’ हमखास भेटतो. अर्थ दिलेला असतो : चाकोरीबाहेरचा, स्वतंत्र बाण्याचा माणूस. पोरं तेवढं घोकतात आणि पुढे सरकतात. मुळात हे आडनाव. सॅम्युअल मॅव्हरिक हा टेक्सासमधला वकील. १८३६ च्या टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. कर्जाच्या वसुलीत त्याच्या गळ्यात गुरं पडली. तिकडे मोकळ्या माळावर सगळ्यांची गुरं एकत्र चरत, म्हणून तापल्या लोखंडाने मालकाची खूण कातडीवर डागत. मॅव्हरिकला नाद जमिनींचा, गुरांचा नव्हे. त्याची वासरं तशीच हिंडत राहिली. बिनडागाचं जनावर दिसलं की लोक म्हणू लागले, ‘हे मॅव्हरिकचं’. (संधी साधून त्यावर आपला डाग उमटवणारेही होतेच!) पुढे हा शब्द पक्षाचा शिक्का न जुमानणाऱ्या पुढाऱ्यांना चिकटला.

सॅम्युअलचा नातू मॉरी मॅव्हरिक. सरकारी कागदांतल्या फुगीर, अगम्य भाषेला वैतागून त्याने १९४४ मध्ये टर्की कोंबड्याच्या ओरडण्यावरून ‘गॉबल्डिगुक’ हा शब्द घडवला. तोही याच याद्यांत असतो. दोघे एकाच घरचे. वहीत शेजारी शेजारी लिहा.