बालकल्याणाचे धोरण आणि कुटुंबाचे स्थान : मुंबई इलाखा ते महाराष्ट्र

१

बालकल्याणविषयक शासकीय धोरणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा कायद्यांच्या कालानुक्रमाने मांडला जातो. अमुक साली अमुक अधिनियम झाला, त्याने वयोमर्यादा बदलली, न्यायालयाची रचना सुधारली, असे त्याचे स्वरूप असते. ही मांडणी उपयुक्त आहे. परंतु तिच्यातून एक महत्त्वाचा प्रश्न निसटून जातो. निराधार किंवा दरिद्री मुलाला शासनाचे साहाय्य मिळावयाचे, तर ते मूल कोठे असावे लागे? आपल्या घरी असताना ते साहाय्य त्याला मिळू शकत होते काय, की घर सुटल्यावरच शासनाची दृष्टी त्याच्याकडे वळत असे? प्रस्तुत लेखात मुंबई इलाखा व पुढे महाराष्ट्र राज्य ह्यांच्या मर्यादेत ह्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ह्या प्रदेशातील बालविषयक कायद्यांनी मुलाला तुरुंगातून सोडवून संस्थेत आणले, आणि ही प्रगती निःसंशय मोठी होती. मात्र मुलाच्या घराला हातभार लावून त्याचे संस्थेत जाणेच टाळावे, हा विचार कायद्यात फार उशिरा आला. आणि आला तेव्हाही त्याच्यामागे उभे केलेले द्रव्यबळ अल्प होते.

२

ह्या इतिहासाचा आरंभ १८५० च्या उमेदवारीविषयक अधिनियमापासून करणे सोयीचे आहे. अनाथ व दरिद्री मुलांना, तसेच किरकोळ अपराध करणाऱ्या मुलांना कारागिराच्या हाताखाली ठेवून धंदा शिकवावा, अशी ह्या अधिनियमाची योजना होती. दारिद्र्य आणि अपराध ह्या दोन भिन्न अवस्था येथे एकाच तरतुदीखाली आल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढील शंभर वर्षांच्या कायद्यांत ही सरमिसळ वारंवार आढळते. १८५७ मध्ये मुंबईस डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीमुळे मुलांच्या औद्योगिक शाळेला व सुधारगृहाला स्थैर्य लाभले. पाठोपाठ १८७६ चा आणि त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणून १८९७ चा सुधारशाळा अधिनियम झाला. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या पंधरा वर्षांखालील मुलग्याला तीन ते सात वर्षांपर्यंत सुधारशाळेत ठेवण्याची सोय १८९७ च्या अधिनियमाने केली. मूल तुरुंगातून वाचले. परंतु शिक्षा होईपर्यंत कायद्याला त्याची ओळख नव्हती.

ह्याच काळात शासनाबाहेर जे प्रयत्न झाले त्यांची दिशा तुलनेने निराळी होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवेने तेथे येऊन बाळंत व्हावे आणि मूल बरोबर न्यावे किंवा तेथे ठेवावे, अशी मुभा तिला होती. ह्या दांपत्याने अशाच एका मुलाला दत्तक घेतले; तोच यशवंत. १८७५ मध्ये पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने अशाच स्वरूपाचे गृह सुरू झाले आणि प्रार्थना समाजाने ते पुढे चालविले. ही गृहे संस्थाच होत्या, हे खरे. पण त्यांचे दार प्रथम मातेसाठी उघडे होते आणि मुलाचा विचार मातेला वगळून होत नव्हता. समाजाच्या निष्ठुरतेमुळे अनेक मातांना मूल तेथेच सोडून जावे लागले, हा दोष समाजाचा होय. गृहाच्या कल्पनेचा नव्हे.

कुटुंबाला घरीच साहाय्य देण्याची कल्पना ब्रिटिश शासनाला अपरिचित होती, असेही म्हणता येत नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला व त्याच्या आधारे प्रांतोप्रांतीचे दुष्काळनियम तयार झाले. सरकारी कामांवर मजुरी करणाऱ्यांच्या आश्रित मुलांची अन्नाची सोय करावी आणि काम करू न शकणाऱ्यांना गावीच फुकट साहाय्य द्यावे, अशा तरतुदी त्यांत होत्या. म्हणजे मूल, माता आणि पिता हे एक कुटुंब आहेत व मुलाला जगवावयाचे तर त्याच्या घराला जगविले पाहिजे, हे तत्त्व शासनाने मान्य केले होते. मात्र ते आपत्काळापुरते होते. पाऊस पडला, कामे बंद झाली, की हे तत्त्वही दप्तरात बंद होई. नित्याच्या दारिद्र्याला दुष्काळनियम लागू नव्हते.

३

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये व वेगळी निवासस्थाने असावीत, अशी शिफारस केली. त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) ह्या प्रांतांनी आपापले बालक अधिनियम संमत केले. १९०८ चा इंग्लंडमधील बालक अधिनियम ह्या सर्वांपुढे नमुना म्हणून होता. मुंबईत प्रत्यक्ष अंमलबजावणी १९२७ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरी-उमरखाडी भागात रिमांड होम उभे राहिले.

ह्या अधिनियमाचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. अपराधी मुलाबरोबरच भीक मागणारे, घरदार नसलेले, आईबाप तुरुंगात असलेले किंवा दुर्वृत्त लोकांच्या संगतीत सापडलेले मूलही त्याच्या कक्षेत आले. शिक्षेऐवजी संरक्षण ही भाषा कायद्यात प्रथमच ठामपणे उतरली. मुलाला प्रमाणित शाळेत पाठविण्याऐवजी नातेवाइकाच्या किंवा अन्य ‘योग्य व्यक्ती’च्या स्वाधीन करण्याचा अधिकारही न्यायालयाला मिळाला.

असे असूनही अधिनियमाच्या आर्थिक तरतुदींकडे पाहिले असता त्याची मूळ धारणा स्पष्ट होते. मूल संस्थेत ठेवल्यावर, ऐपत असल्यास आईबापांनी त्याच्या खर्चाला हातभार लावावा, असा हुकूम न्यायालय करू शकत असे. ह्याच्या उलट, ऐपत नसलेल्या आईबापांना मूल घरीच सांभाळता यावे म्हणून शासनाने त्यांना काही द्यावे, अशी तरतूद मात्र नव्हती. पैशाचा प्रवाह घराकडून संस्थेकडे वाहू शकत होता; संस्थेवर होणारा खर्च घराकडे वळू शकत नव्हता. गिरणीत काम करणाऱ्या एखाद्या विधवेचे मूल दिवसभर रस्त्यावर राहते, म्हणून न्यायालयासमोर आले, असे समजू. न्यायालयापुढे मार्ग दोन : समज देऊन मुलाला त्याच घरी परत पाठविणे, किंवा संस्थेत ठेवणे. पहिल्याने परिस्थिती बदलत नसे आणि दुसऱ्याने घर मोडत असे. तिसरा मार्ग कायद्याने दाखविलाच नव्हता.

हा दोष त्या वेळच्या लोकांना दिसत नव्हता, असे नाही. मातेला मिळावयाच्या साहाय्याचा प्रश्न १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाच्या रूपाने आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूतिलाभ अधिनियम झाला. भारतातील ह्या प्रकारचा तो पहिला अधिनियम होय. मूल जन्मताना मातेच्या हाती पैसा असला पाहिजे, हे तत्त्व त्यात होते. परंतु त्याचा भार मालकावर होता व लाभ कारखान्यातील स्त्रियांपुरता. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाल्यावर प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची पिढी तयार होऊ लागली. घरी जाऊन चौकशी करणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. मुलाच्या वर्तनाचे कारण घराच्या अवस्थेत आहे, असे चौकशीत दिसले तरी त्या अवस्थेवरील उपाय चौकशी करणाऱ्याच्या हाती नसे. १९४८ मध्ये मुंबईचा नवा बालक अधिनियम आला, त्यानेही ही चौकट मूलतः बदलली नाही.

येथे इंग्लंडकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अप्रस्तुत ठरणार नाही, कारण आपल्या अधिनियमाचा नमुना तेथला होता. तेथे १९४५ मध्ये कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. पुढे १९६३ च्या अधिनियमाच्या पहिल्याच कलमाने, मुले संस्थेत घ्यावी लागू नयेत म्हणून कुटुंबाला सल्ला व साहाय्य देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर घातले. अपवादात्मक प्रसंगी रोख रक्कम देण्याचीही त्यांना मुभा मिळाली. मूळ नमुना असा पुढे गेला; त्याची आपल्याकडील प्रतिकृती मात्र बराच काळ होती तेथेच राहिली.

४

स्वातंत्र्यानंतर धोरणाला दोन स्वतंत्र प्रवाह लाभले. त्यांची गल्लत केल्यास ह्या काळाचे मूल्यमापन चुकते.

पहिला प्रवाह कल्याणसेवांचा. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख ह्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. महाराष्ट्रात त्याआधीच, १९४५ पासून, ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डी येथे व पुढे अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले होते. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, ह्या विचारातून अंगणवाडीची कल्पना आकारास आली. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालक धोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ह्या सेवा मूल घरी असतानाच त्याला मिळू लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ह्या योजनेच्या सार्वत्रिकीकरणाचा आदेश दिला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा अधिनियमाने मुलांच्या आहाराला कायदेशीर हक्काचे रूप दिले. दुष्काळनियमांतील आपत्कालीन तत्त्व सव्वाशेहून अधिक वर्षांनी नित्याचे झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा प्रवाह संरक्षणाच्या कायद्यांचा. १९६० चा केंद्रीय बालक अधिनियम केंद्रशासित प्रदेशांपुरता होता. महाराष्ट्रात १९४८ चाच अधिनियम चालू राहिला. १९८६ च्या बालन्याय अधिनियमाने देशभर एकसूत्रता आणली. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस मान्यता दिली. २००० च्या बालन्याय अधिनियमात दत्तकविधान व प्रतिपालन ह्यांबरोबर प्रायोजकत्वाला, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी कुटुंबाला द्यावयाच्या आर्थिक साहाय्याला, प्रथमच स्थान मिळाले. २०१५ च्या अधिनियमाने मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, ही तत्त्वे शब्दांकित केली. १८५० पासूनचा प्रवास लक्षात घेता हे शब्द साधे नाहीत. कायद्याने आपली जुनी धारणाच येथे उलटी केली.

५

तत्त्व उलटले, पैशाचा प्रवाहही तितकाच वळला काय? महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. आईबापांपैकी एक किंवा दोघेही नसलेल्या, अथवा गंभीर आजार वा तुरुंगवास अशा कारणांनी पालक सांभाळ करू न शकणाऱ्या मुलांना घरगुती वातावरणातच वाढविता यावे, हा तिचा हेतू. २०२१ पूर्वी ह्या योजनेखाली दरमहा मिळणारी रक्कम ४२५ रुपये होती. कोविडच्या साथीत अनाथ व एकपालक मुलांचा प्रश्न अचानक डोळ्यांपुढे आल्यावर ती ११०० रुपये झाली, आणि २०२३ मध्ये २२५० रुपये करण्यात आली. केंद्राच्या वात्सल्य अभियानात प्रायोजकत्वासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु तिच्या कालक्रमात एक जुनीच खूण दिसते : कुटुंबाच्या साहाय्याला गती मिळाली ती आपत्तीमुळे, जशी ती १८७८ नंतर मिळाली होती.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकेल की, घर हे नेहमीच मुलाला सुरक्षित नसते. जेथे मारहाण, शोषण किंवा व्यसन आहे तेथे पैसा देऊन मूल ठेवणे म्हणजे त्याला संकटात ठेवणे होय. आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच संस्थेची गरज कधीच संपणार नाही. पण ह्या आक्षेपाचे बळ दुष्ट घर आणि दरिद्री घर ह्यांतील भेद ओळखण्यावर अवलंबून आहे. नेमका हाच भेद आपल्या कायद्यांनी दीर्घकाळ पुसट ठेवला. केवळ आर्थिक दारिद्र्य हे मुलाला कुटुंबापासून तोडण्याचे कारण होऊ नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट म्हटले आहे. १८५० च्या अधिनियमात दारिद्र्य व अपराध एकत्र आले होते. १९२४ च्या अधिनियमात दारिद्र्य व दुर्लक्ष. दोन्ही ठिकाणी गरीब आईला आपण वाईट आई नाही, हे सिद्ध करावे लागे.

ह्या विवेचनातून अभ्यासकांसाठी एक पद्धतीचा मुद्दा निघतो. बालकल्याणाच्या कोणत्याही योजनेचा अभ्यास करताना तिच्या उद्देशपत्रिकेबरोबर तिच्या खर्चाचे शीर्षक पाहावे : मूल घरी असताना त्याच्यावर किती खर्च होतो, आणि तेच मूल संस्थेत गेल्यावर किती. जिल्हावार अशी तुलना बालन्यायालयांच्या जुन्या नोंदी, संस्थांचे वार्षिक अहवाल व अंदाजपत्रके ह्यांच्या आधारे करता येण्यासारखी आहे. जोपर्यंत ह्या दोन रकमांत मोठे अंतर आहे, तोपर्यंत काही माता केवळ मुलाचे पोट भरावे म्हणून त्याला संस्थेच्या दारी नेतील. आणि तिने मूल सोडले, अशी नोंद दप्तरात होईल. ती नोंद वाचताना संशोधकाने एवढे विचारलेच पाहिजे की, मूल घरी ठेवण्यासाठी तिला काय देऊ केले होते.